मोनॅको पाहून आलेला माणूस

बऱ्हाणपूर, सिंधीपुरा
२३ जानेवारी १९४९

ती. स्वरूप इकडच्या पायांशी कमलचा नमस्कार.

राजवाड्याचं चित्र असलेलं कार्ड पोचलं. पोस्टमन शालिग्रामनं ते गल्लीच्या तोंडापासूनच हात उंच करून आणलं, त्यामुळे तो आपल्या ओट्याशी येईस्तोवर त्याच्यामागे बायकांचा घोळका झाला होता. सासूबाईंनी कार्ड आधी डोळ्यांना लावलं, पदरानं पुसलं आणि मग माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं. शेजारच्या सोजरबाई उशिरा आल्या म्हणून पुन्हा वाचलं.

खडकावरचा राजवाडा, खाली निळं पाणी, दुपारच्या सुमाराला पहारा बदलतो तेव्हा वाजणारा बिगूल, ते पांढरे कपडे घातलेले शिपाई, हे सगळ्यांना फार आवडलं. संध्याकाळी वामनमास्तर नकाशांचं पुस्तक घेऊन आले. तुम्हाला त्यांनीच भूगोल शिकवला, पण त्यांना मोनॅको सापडेना. शेवटी भिंग लावल्यावर फ्रान्सच्या कडेला एक ठिपका दिसला. मास्तर म्हणाले की शनवारा दरवाज्यातून निघालेला माणूस राजघाटावर पाय धुवायला उतरेपर्यंत हे अख्खं राज्य संपेल. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मंग तो राजा कायचा? पाटील म्हना." ओटाभर हसू झालं.

मला आपल्या राजेसाहेबांची दया आली. आपलं सोनगव्हाण संस्थान याच्याहून कितीतरी मोठं. त्यात डोंगर होता, नदी होती, सागाचं रान होतं. ते एका सहीनं विलीन झालं आणि हा ठिपका तसाच राहिला. राजेसाहेब रोज हॉटेलच्या सज्जात उभे राहून समोरच्या राजवाड्याकडे बघतात आणि "हा राहिला, मी गेलो" असं म्हणतात, हे तुम्ही लिहिलं. ते मी ओट्यावर वाचलं नाही. धन्याचं दुःख चारचौघांत कशाला?

संस्थानातले बाकीचे कारकून सरकारी नोकरीत घेतले गेले. कुणी खंडव्याला गेलं, कुणी खरगोणला. तुमच्याही नावाचं बोलावणं आलं होतं. मास्तर चौकशी करून आले, तुमची जागा उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवतील म्हणाले. त्याबद्दल मी मागच्या पत्रात विचारलं होतं. राजेसाहेबांचा चिटणीस म्हणून तुम्ही औषधपाण्याच्या प्रवासाला निघालात, तेव्हा "महाशिवरात्रीच्या आत परत" असं सासूबाईंना सांगितलं होतं. त्या रोज विचारतात. मी कार्डात त्याचं उत्तर शोधते.

वैशाखात घरात पाळणा बांधायचा आहे, हे इथून निघताना तुम्हाला माहीत होतं. कार्ड लहान असतं, त्यात सगळं मावत नसेल. मला चिंच खावीशी वाटते. सासूबाई देतात, पण मोजून.

तुमची
सौ. कमल


बऱ्हाणपूर
३ एप्रिल १९४९

ती. स्वरूप इकडे नमस्कार.

मार्चमधलं माझं पत्र आणि तुमचं माशांच्या घराचं कार्ड वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेलं असेल. म्हणून रागावत नाही. फक्त काय झालं ते सांगते.

बाळ वेळेआधी आलं आणि आलं तेव्हा गेलेलंच होतं. सुईण म्हणाली, असं होतं. मुलगी होती. मला दाखवली नाही. सासूबाईंनी पाहिली आणि कापडात गुंडाळून घेऊन गेल्या. कुठे पुरली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी तुमचं कार्ड आलं. मी भिंतीला टेकून बसले होते. मला बरं वाटावं म्हणून सासूबाईंनीच गल्लीतल्या बायकांना आत बोलावलं. मला म्हणाल्या, "वाच व, पोऱ्यानं काय पाहिलं ते. मन रमंल." म्हणून मी वाचलं.

समुद्राच्या कडेला उभं असलेलं ते मोठं घर मी वाचलं. छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा वाचला. काचेच्या पेट्यांतले रंगीत मासे वाचले. मग तुम्ही लिहिलं होतं की एका बरणीत देवमाशाचं पोटातलंच पिल्लू काढून ठेवलंय. डोळे मिटलेले, शेपटीपर्यंत सगळं पूर्ण, आता जागं होईल असं वाटतं. "तिथून पाय निघेना," असं लिहिलंत. मी ती ओळही वाचली. मधेच थांबले असते तर बायकांनी विचारलं असतं, पुढे काय.

सोजरबाईंनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि सगळ्यांना बाहेर नेलं. सासूबाई पाठमोऱ्या बसून राहिल्या. त्या दिवसापासून त्या मला "वाच" म्हणत नाहीत. कार्ड आलं की देवळीत ठेवतात.

तुम्ही यावं असं मी लिहिणार नाही. पण इथे एक माणूस अंथरुणावर आहे आणि एक म्हातारं माणूस पाठमोरं बसून आहे, एवढं राजेसाहेबांना सांगता आलं तर सांगा.

सौ. कमल


बऱ्हाणपूर
१७ जुलै १९४९

ती. स्वरूप इकडे नमस्कार.

तुमचं पाकीट पोचलं. या वेळी कार्ड नव्हतं, चार पानं होती. पाकीट जड लागलं म्हणून मी चूल पुसून, हात धुऊन, नीट बसून वाचायला घेतलं.

पहिली दोन पानं तिथल्या म्हाताऱ्या राजाच्या अंत्ययात्रेची होती. काळे पडदे, घंटा, बंद दुकानं आणि नव्या तरुण राजाचा चेहरा. आपले राजेसाहेब त्या गर्दीत टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही, म्हणून हॉटेलवर येऊन जेवले नाहीत. तिसऱ्या पानावर निवडुंगाची बाग होती. तिकीट काढून लोक निवडुंग बघतात, हे वाचल्यावर सासूबाई खूप दिवसांनी हसल्या. "त्यायले म्हना इच्छापूरच्या टेकडीवर या. फुकट दाखवू, काटेबी फुकट." जुगारघराचंही होतं. तिथल्या प्रजेला त्या घरात जुगार खेळायला बंदी आहे, फक्त बाहेरच्यांनीच यायचं. सासूबाईंना हा नियम पटला. त्यांच्या मते तो राजा शहाणा आहे, आपलं माणूस राखून दुसऱ्याचं घर बुडवतो.

चौथ्या पानावर मुलीबद्दल एक ओळ होती. "ईश्वरेच्छा. प्रकृतीस जपावे."

त्याच्याखाली शालूचं होतं. तिथल्या एका थोर बाईंना बऱ्हाणपुरी जरीचं फार कौतुक आहे, त्यांचे राजेसाहेबांवर उपकार आहेत, तेव्हा एक अस्सल जरीचा शालू पाठवावा, जुना असला तरी चालेल. अस्सल जर आता बाजारात कुठे मिळते? घरात अशी जर एकाच कापडात होती. सासूबाई म्हणाल्या, पोऱ्याची परदेशात मान खाली जायला नको. मी पेटी उघडली. लग्नात तुमच्या उपरण्याशी गाठ मारलेलं त्याचं टोक अजून चुरगळलेलंच होतं, ते हातानं सारखं केलं. राजेसाहेबांचे मेहुणे मुंबईला जाताना स्टेशनावर थांबले, तेव्हा मास्तरांनी पुडकं त्यांच्या हाती दिलं. ते बोटीनं तिकडेच यायचे आहेत.

सरकारी नोकरीची मुदत संपली. मास्तरांनी दोनदा वाढवून घेतली होती. आता तिथे दुसरा माणूस बसला.

सौ. कमल


बऱ्हाणपूर
११ डिसेंबर १९४९

अनंतरावांस,

नवऱ्याचं नाव मी पहिल्यांदाच कागदावर लिहिलं. का लिहिलं ते पुढे कळेल.

दसऱ्यानंतर उखर्डू परत आला. राजेसाहेबांबरोबर स्वयंपाकी म्हणून गेलेला, शाहपूरचा उखर्डू. तो आधी आपल्या घरी गेला नाही, थेट इथे आला. तुम्ही दिलेला बिस्किटांचा डबा त्यानं सासूबाईंपुढे ठेवला आणि उभाच राहिला. त्याला बसवलं, पाणी दिलं. राजेसाहेबांचं बरं चाललेलं नाही, मोठं हॉटेल सोडलं, नोकर एकेक करून परत पाठवले, हे त्यानं सांगितलं. तुमचं नाव तो घेईना.

सासूबाईंनी दार लोटलं. त्याला म्हणाल्या, "उखर्डू, तुह्या मायच्या वयाची हाय मी. माझा पोऱ्या येत कामून नाही?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माय, ते येनार नाहीत. त्यायचं तिथं घर झालं."

मग त्यानं सगळं सांगितलं. राजेसाहेब ज्या लहान खाणावळीत राहायला गेले, तिची मालकीण विधवा आहे. राजेसाहेब वरच्या मजल्यावर राहतात, तुम्ही तिच्याकडे खाली. तिच्या पाहुण्यांना तुम्ही गाव दाखवत फिरता, राजवाडा, माशांचं घर, बाग. तिची लहान मुलगी आहे. तिला खांद्यावर बसवून नेता आणि ती तुम्हाला त्यांच्या भाषेत बाबा म्हणते. उखर्डूला तो शब्द पाठ होता. मी त्याला तो पुन्हा म्हणायला लावला.

मी शालूचं विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, तो कापला. जेवनाच्या खोलीतल्या खिडक्यायले पडदे केले. पाहुने हात लावून बघतात."

सासूबाईंनी त्याला जेवायला घातलं. निघताना इच्छादेवीची शपथ घ्यायला लावली की हे शाहपुरात काय, बायकोपाशीही बोलणार नाही. तो शपथ घेऊन गेला.

मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. तुमच्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मला विचारलं, "तुले टाकलेली म्हनून राहाचं का विधवा म्हनून? टाकलेलीले लोक हसतात. विधवेले भाकरी देतात."

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. मी मराठी फायनल पास आहे. खंडव्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी विधवांना जागा राखून ठेवलेली असते, वामनमास्तरच एकदा सांगत होते. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला ती जागा मिळत नाही, तिला आधी विचारतात, का सोडलं? शिवाय म्हणाल्या, मी आज आहे उद्या नाही, मग ही गल्ली तुला काय म्हणेल? मी म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्हाला पोटचा मुलगा मेला म्हणावं लागेल." त्या म्हणाल्या, "मले नात पुरता आली, लेकबी येईल."

मी विचार करायला वेळ मागितला नाही. तुम्हाला वाटत असेल, एवढी घाई? घाईच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या राजघाटावर गेल्या, बुडी मारली आणि ओल्या लुगड्यानं गल्लीतून रडत आल्या. उखर्डूनं सांगावा आणला, पोऱ्या समुद्रात बुडाला, असं म्हणाल्या. गल्ली जमली. सोजरबाईंनी माझ्या बांगड्या फोडल्या. त्या रडत होत्या, म्हणून एक काच माझ्या मनगटात गेली. मंगळसूत्र सासूबाईंनी स्वतः काढलं, ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. दिगंबरभटजींनी विचारलं, तार वगैरे काही आहे का? त्यांना उत्तर मिळालं की आईच्या सांगण्याहून मोठी तार नसते. देह हाती नाही म्हणून दर्भाचा पुतळा केला आणि तापीच्या काठी जाळला. दहावा झाला. कावळा लगेच शिवला. तेराव्याला सगळी गल्ली जेवली, गोडात तुमच्या आवडीचा दराबा होता.

म्हणून हे पत्र. तुम्ही वारलात, हे तुम्हाला कळवायला दुसरं कुणी नव्हतं.

कमल


बऱ्हाणपूर
२५ जून १९५०

अनंतरावांस,

तुमचं पत्र मिळालं. मी रागाच्या भरात लिहिलं, असं तुम्हाला वाटतं. उखर्डू दारू पितो, त्याचं काय ऐकायचं, असंही लिहिलंत. ती बाई राजेसाहेबांची परिचित आहे आणि लहान मुलीला कुणीही खांद्यावर घेतं. मग शेवटी तुमच्या नव्या कामाचं वर्णन, त्या गावातल्या उंच-सखल रस्त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, बंदरातल्या धनिकांच्या बोटी. ते तुम्हाला छान जमतं. वाचताना मीही क्षणभर बंदरावर उभी होते. मग स्वतःचाच राग आला.

मी खंडव्यात ट्रेनिंगला आहे, सुट्टीपुरती घरी आलेय. जागा मिळाली. अर्जावर नवऱ्याच्या नावापुढे "कैलासवासी" एका दमात लिहिलं. तिथल्या बाया चांगल्या आहेत. आम्ही सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत एका ओळीत जेवायला बसतो. त्यांचे नवरे खरोखर मेलेत. त्या रात्री एकमेकींना त्यांच्या गोष्टी सांगतात आणि मलाही विचारतात. मी सांगते की माझे फार फिरलेले होते, त्यांनी खडकावरचा राजवाडा पाहिला होता.

एक सांगायचंय. चित्रांची कार्डं पाठवणं बंद करा. मागच्या महिन्यात शालिग्रामनं तुमचं कार्ड आणून दिलं आणि दारातच घाबरून उभा राहिला. मेलेल्या माणसाचं अक्षर. सासूबाईंनी त्याला सांगितलं की समुद्री टपाल असंच रखडतं, पोऱ्या गेला तरी त्याची पत्रं येत राहतात. शालिग्रामचे डोळे भरून आले. त्यानं गल्लीत सांगितलं. मग बायका येऊन त्या कार्डाला हात लावून जायला लागल्या. शेवटी सासूबाईंनी ते चुलीत घातलं. मी नाही घातलं, त्यांनी घातलं. चित्राकडे एकदाही न बघता.

कमल


बऱ्हाणपूर
१८ नोव्हेंबर १९५१

रा. रा. अनंतराव यांस,

हे पत्र वामनमास्तर धर्मशाळेत आणून देतील. त्यांना काही विचारू नका, ते म्हातारे झालेत.

राजेसाहेब गेल्याचं आणि त्या बाईनं तुम्हाला बाहेर काढल्याचं तुमच्या मुंबईच्या पत्रातून कळलं होतं. "वरची खोली झाडून ठेव," असं तुम्ही लिहिलं होतं. मी आता इथल्या शाळेत शिकवते आणि वरच्या खोलीत मुलींच्या शिकवण्या घेते. मी उत्तर पाठवलं होतं, येऊ नका म्हणून. ते पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल.

काल दुपारी दारात काय झालं ते तुम्ही बाहेरून पाहिलंत. तरी लिहिते, म्हणजे मागाहून त्यात काही भर घालायला नको.

सासूबाई ओट्यावर मिरच्या खुडत होत्या. मी उंबऱ्याच्या आत होते. तुम्ही पुठ्ठ्याची पेटी खाली ठेवून "आई" म्हणालात. त्यांनी वर पाहिलं. तुम्हाला वाटलं असेल की त्यांनी ओळखायला वेळ घेतला. त्यांनी वेळ घेतला नाही. मी त्यांचा हात पाहत होते, मिरची त्यांच्या मुठीत चिरडली.

"कोन पाहिजे?" त्या म्हणाल्या.

"आई, मी अनंत."

"माझा अनंत समुद्रात गेला. गल्लीले विचारा."

तुम्ही गल्लीला विचारलंत. सोजरबाई होत्या, शालिग्राम होता, दिगंबरभटजी देवळातून येत होते, मास्तर त्यांच्या खिडकीत होते. एकेकाकडे तुम्ही गेलात. त्यांतल्या प्रत्येकानं तुम्हाला ओळखलं. सोजरबाईंनी तर तुम्हाला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलंय. पण भटजींनी तुमचा पुतळा जाळलाय, सोजरबाईंनी माझ्या बांगड्या फोडल्यात आणि बाकीचे तेराव्याला जेवलेत. तुम्ही जिवंत ठरलात तर ते सगळे कोण ठरतात? म्हणून सगळे तुमच्याकडे दयेनं बघत राहिले. कुणाचं तरी डोकं फिरलंय अशी दया.

मग तुम्ही कार्डांचं काढलंत. मीच ती पाठवली, राजवाड्याचं, माशांच्या घराचं, निवडुंगांचं, असं म्हणत होतात. सोजरबाई म्हणाल्या, "ते तं आमच्या पोरींलेही पाठ हाय, भाऊ." त्या तुम्हाला भाऊ म्हणाल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात.

म्हणालात, "कमल, तू तरी सांग."

लोकांसमोर तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला शाळेतली नोकरी आठवली नाही. खोटा अर्ज केल्याबद्दल काय होईल तेही नाही. हे सगळं खरं होतं, पण तेव्हा डोक्यात नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं की आता ही ओळ मला वाचायची नाही. मी मास्तरांना सांगितलं, "यांना धर्मशाळेचा रस्ता दाखवा." आणि दार लावलं.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही.

सासूबाई दाराला पाठ लावून बसल्या. रडल्या नाहीत. दिवेलागणीला मला विचारलं, "हडकला का व?" मी म्हटलं, नीट पाहिलं नाही. पाहिलं होतं. गालफडं बसलीत, पुढचा एक दात नाही, उजव्या बुटाचा तळ सुटलाय. त्या जेवल्या नाहीत. म्हणून मीही जेवले नाही.

आज सकाळी उठून पाहते तर त्या चुलीपाशी. वांगी भाजत होत्या. कांद्याची पात घालून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या. तुम्ही लहानपणी याच्यासाठी शाळेतून पळून यायचात म्हणे. दोन वर्षांत या घरात भरीत झालं नव्हतं, विधवेला कांदा-पात चालत नाही म्हणून. त्यांनी डबा भरला, फडक्यात बांधला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "धर्मशाळेत दे. काही बोलू नको. नुस्ता दे आन ये."

आपण मेला म्हटलेल्या लेकाला ही बाई जेवण पाठवत होती. मी पदर डोक्यावरून घेतला आणि निघाले.

शनवारा दरवाज्याच्या बाहेर आले तेव्हा तुम्ही धर्मशाळेच्या पायरीवर बसला होतात. आमच्या रस्त्याकडे तोंड करून. कुणीतरी येईल असं तुम्हाला वाटत होतं, हे लांबूनही कळत होतं. कुणीतरी आलंही होतं.

मी रस्ता ओलांडला नाही. अलीकडे मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि डबा उघडला. भाकरी अजून ऊन होत्या. मी तो सगळा डबा खाल्ला. पातीसकट. कालपासून उपाशी होते म्हणून नाही. भरीत फार चांगलं झालं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी असं कधी केलं नव्हतं. शेवटच्या तुकड्यानं डबा पुसून घेतला, नळावर धुतला आणि परत आले.

त्या दारातच उभ्या होत्या. "दिला?"

"दिला."

"खाल्ला?"

"माझ्यादेखत. सगळा. डबा पुसून खाल्ला."

"काही बोलला?"

मी सांगितलं, "म्हणाले, आईच्या हातचं आहे."

तेव्हा त्या रडल्या. लेक गेल्याचं गल्लीला सांगितलं तेव्हाचं रडणं मी ऐकलंय. हे तसं नव्हतं. रडून झाल्यावर दोन घास खाल्ले आणि झोपल्या. आत्ता हे लिहितेय तेव्हा शांत झोपल्या आहेत.

तेव्हा तुम्ही आता इथे राहू नका. उद्या सकाळच्या भुसावळच्या गाडीनं जा. तिकिटाचं मास्तर बघतील. पुन्हा गल्लीत आलात, वाटेत त्यांना गाठलंत आणि त्यांनी विचारलंच, तर एक लक्षात ठेवा. तुम्ही उपाशी नाही. आईच्या हातचं पोटभर जेवून तुम्ही इथून निघाला आहात.

गं. भा. कमल